वातानुकूलक, गृहोपयोगी : ऊर्जा-कार्यक्षमता व निवड

घरातील खोलीच्या हवेचे तापमान व आर्द्रता कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत् उपकरणास गृहोपयोगी किंवा कक्ष वातानुकूलक म्हणतात. हे उपकरण खोलीतील उष्णता प्रशीतकाच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याच्या) साहाय्याने शोषून बाहेरच्या हवेत टाकते. या कामी मुख्यतः संपीडकाला वीज लागते. खर्च होणाऱ्या दर वॉट विजेमागे खोलीतील किती वॉट उष्णता काढून घेतली जाते, या गुणोत्तरावरून उपकरणाची ऊर्जा-कार्यक्षमता ठरते. वातानुकूलन घरांत शिरल्यानंतरही कित्येक दशके ग्राहकाला हे गुणोत्तर कळण्याची काहीच सोय नव्हती.

विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आर्द्रतानियंत्रणाची योजना आखली. दमट हवेत कागद फुगत असल्याने रंगीत छपाईतील ठसे एकमेकांशी जुळत नसत, ही तेथील अडचण होती. म्हणजे आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर कागदासाठी झाला. कापडगिरण्या व चित्रपटगृहे यांत त्याचा प्रसार पुढे झाला. मुंबईचे रीगल चित्रपटगृह (१९३३) हे भारतातील आरंभीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक होय. खिडकीत बसविण्याजोगी यंत्रे अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात तयार झाली, तरी ती सामान्य घरांत पोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्या काळी वीज स्वस्त असल्याने उत्पादकांची स्पर्धा यंत्राची किंमत व आकार कमी करण्यापुरतीच राहिली. लहान आकाराच्या संघनकामुळे यंत्र स्वस्त होते, पण वीज अधिक खाते.

शीतनक्षमता ‘टन’ या एककात सांगण्याची प्रथा बर्फाच्या व्यापाराच्या काळातील आहे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषली जाते, त्या वेगाने ती काढून घेणारे यंत्र एक टन क्षमतेचे मानतात. हा वेग ताशी १२,००० ब्रिटिश औष्णिक एकके, म्हणजे सु. ३,५१७ वॉट, इतका भरतो. विजेच्या खर्चाशी टनाचा थेट संबंध नाही. दीड टनाच्या दोन यंत्रांच्या वीजखर्चात मोठी तफावत असू शकते. बाजारात मात्र आजही यंत्राची पहिली ओळख टनानेच होते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ही उपेक्षा संपली. कॅलिफोर्निया राज्याने १९७४ च्या कायद्याने ऊर्जा आयोग स्थापून त्यास उपकरणांची किमान कार्यक्षमता ठरविण्याचा अधिकार दिला. अमेरिकेच्या १९७५ च्या संघीय कायद्यात चाचणीपद्धती व माहितीपट्टी यांची तरतूद झाली आणि १९८० पासून यंत्रांवर पिवळी पट्टी दिसू लागली. याच सुमारास जपानमध्ये तांत्रिक बाजूने मोठा बदल घडला. जुन्या यंत्रातील संपीडक एकाच वेगाने चाले आणि खोली थंड झाली की बंद पडे. तोशिबा कंपनीने १९८१ मध्ये घरगुती यंत्रात इन्व्हर्टर (विजेची कंप्रता बदलून चलित्राचा वेग बदलणारे साधन) वापरून संपीडकाचा वेग गरजेनुसार कमीजास्त करण्याची सोय केली. वेग कमी असताना संघनक व बाष्पित्र हे भाराच्या मानाने मोठे ठरतात, त्यामुळे अंशतः भारावर यंत्राची कार्यक्षमता वाढते.

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत होऊन १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. ताऱ्यांची पट्टी २००६ पासून ऐच्छिक व जानेवारी २०१० पासून कक्ष वातानुकूलकांना सक्तीची झाली. आरंभीचे गुणोत्तर बाहेर ३५° से. व खोलीत २७° से. तापमान असताना पूर्ण भारावर मोजीत. या पद्धतीत इन्व्हर्टरचा लाभ दिसत नसे. म्हणून हंगामी गुणोत्तर आले. त्यात बाहेरचे तापमान २४° ते ४३° से. आणि वर्षातील वापर १,६०० तास धरला जातो. २०१८ पासून दोन्ही प्रकारच्या यंत्रांना तेच लागू झाले.

तारे कायमचे नसतात, ही गोष्ट ग्राहकाच्या लक्षात सहसा येत नाही. विभक्त (स्प्लिट) यंत्रास २०१० मध्ये ३·१ गुणोत्तरावर पाच तारे मिळत. २०१४ मध्ये त्यासाठी ३·५ लागे. २०१८ च्या हंगामी मोजमापात ३·१ ही एका ताऱ्याची पायरी झाली व पाच ताऱ्यांसाठी ४·५ आवश्यक ठरले. जुलै २०२२ मध्ये ही मर्यादा ५·० वर गेली. मोजमाप बदलल्याने हे आकडे तंतोतंत तुलनीय नसले, तरी जुन्या साठ्यातील पाच ताऱ्यांचे यंत्र नव्या तीन ताऱ्यांच्या यंत्रापेक्षा उणे ठरू शकते. यास्तव ताऱ्यांपेक्षा पट्टीवरील वर्ष, गुणोत्तर आणि वार्षिक युनिटांचा आकडा पाहणे अधिक विश्वसनीय होय.

समजा, एका हंगामात खोलीतून ४,००० किलोवॉट-तास उष्णता काढावयाची आहे. ३·५ गुणोत्तराच्या यंत्रास सु. १,१४३ युनिट, तर ५ गुणोत्तराच्या यंत्रास ८०० युनिट वीज लागेल. वर्षातून जेमतेम महिनाभर यंत्र चालविणाऱ्या घरात हा फरक इतका आटतो, की महाग यंत्राची अधिक किंमत भरून निघेलच असे नाही. यंत्र खोलीच्या मानाने फार मोठे असणेही हिताचे नसते. एकाच वेगाचे मोठे यंत्र हवा झटपट थंड करून थांबते व दमटपणा तसाच राहतो. मुंबई व कोकणपट्टीत हा दोष विशेष जाणवतो, कारण तेथे यंत्राच्या कामाचा बराच भाग हवेतील बाष्प काढण्यातच जातो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर फारच थोड्या विजेत काम भागवितो. पावसाळा लागताच मात्र तो निरुपयोगी होतो.

वापरण्याच्या सवयीचाही हिशेबात समावेश करावा लागतो. निश्चित तापमान १° से.ने वाढविल्यास सु. ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरोचे प्रतिपादन आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे २४° से.वर लावूनच विक्रीस येतात. बाहेरचा भाग सज्जात कोंडून बसविला, तर त्याने टाकलेली गरम हवा पुन्हा त्यातच ओढली जाते आणि पट्टीवरील गुणोत्तर कागदावरच राहते.

प्रशीतकाची निवड हा स्वतंत्र प्रश्न आहे. ओझोन थरास अपायकारक असलेला आर-२२ माँट्रियल करारान्वये (१९८७) मागे पडत गेला. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २,०८८ पट, तर आर-३२ ची सु. ६७५ पट धरतात. किगाली दुरुस्तीने (२०१६) असे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे ठरले. प्रोपेन (आर-२९०) या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी असला, तरी तो ज्वलनशील असल्यामुळे एका यंत्रात भरावयाच्या वायूचे प्रमाण खोलीच्या आकारमानानुसार मर्यादित ठेवावे लागते.