हवाई प्रवासातील सामानाची हानी व वाहकाचे दायित्व : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये, कोल्हापूरचा विमानतळ सुरू झाला. तत्पूर्वीच १९२९ च्या वॉर्सा कराराने विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानाच्या हानीची भरपाई किलोमागे २५० सुवर्ण फ्रँकपर्यंत सीमित केली होती. भारतात तो करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला. विशेष मूल्य आगाऊ घोषित केले नसेल, तर गुळाची ढेप आणि तेवढ्याच वजनाची हस्तलिखिते यांची भरपाईची कमाल मर्यादा एकच! तक्रारीस मुदत अवघी तीन दिवसांची. १९७२ च्या कायद्याने ती सात दिवसांवर नेली. वजनाचे माप मात्र कायम राहिले. २००९ मध्ये भारताने मॉन्ट्रियल करार स्वीकारला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रतिप्रवासी मर्यादा आली. कोल्हापूरहून मुंबईस जाणाऱ्यासारख्या देशांतर्गत प्रवाशास मात्र २०१४ च्या अधिसूचनेपर्यंत थांबावे लागले; तिने ही मर्यादा २०,००० रुपये ठरविली.