घरच्यांनाच अडवणारं कुलूप

मागच्या वर्षी आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायला घेतली. एक जुना व्हीसीआर मिळवला आणि डीव्हीडी रेकॉर्डरला जोडला. मुंडावळ्या दिसल्या, अंतरपाट धरला गेला, आणि तेवढ्यात रेकॉर्डिंग थांबलं. पडद्यावर सूचना आली : या कार्यक्रमाची नक्कल करता येणार नाही. लग्न आमच्या घरातलं, कॅसेट आमची. मग मनाई कोणाची?

उत्तर शोधत मी १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत पोचले. घरोघरी व्हीसीआर आले, लोक टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करू लागले आणि हॉलिवूड धास्तावलं. सिनेनिर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे व्हीसीआरची तुलना थेट एका कुख्यात खुन्याशी केली. पण जानेवारी १९८४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टेप करणं कायदेशीर आहे.

कोर्टात अडवता आलं नाही, तर यंत्रातच अडवायचं. १९८३मध्ये स्थापन झालेल्या मॅक्रोव्हिजन कंपनीकडे त्याची युक्ती होती. जुन्या टीव्हीवर चित्र ओळीओळीनं उमटायचं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत ६२५ ओळी, पण चित्राच्या वाट्याला ५७६च. उरलेल्या ओळी डोळ्यांना दिसत नाहीत. मॅक्रोव्हिजननं तिथेच खोटे, झगझगीत सिग्नल पेरले. व्हीसीआरमध्ये सिग्नल फार प्रखर झाला की आपोआप कमी करणारं सर्किट असतं. ते फसायचं आणि अख्खं चित्र मंद करून टाकायचं. खोटे सिग्नल बदलले की चित्र पुन्हा उजळायचं. विकतची कॅसेट टीव्हीवर स्वच्छ दिसायची, पण तिची नक्कल बघवायची नाही.

अडचण एकच होती. काही जुनी यंत्रं, विशेषतः बीटामॅक्स, या युक्तीला सहसा फसत नसत. म्हणून १९९८च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यात एक कलम आलं : नव्या व्हीएचएस यंत्रांनी या सिग्नलला फसलंच पाहिजे! मोफत टीव्ही प्रसारणावर मात्र हे कुलूप लावायचं नाही, असंही त्याच कलमात लिहिलं होतं. प्रेक्षकाचा हक्क कागदावर तरी शाबूत राहिला.

मग माझ्या कॅसेटवर कुलूप आलं कुठून? आलंच नव्हतं. जुनी टेप ताणली, झिजली की त्या न दिसणाऱ्या ओळींतला सिग्नल डळमळतो. रेकॉर्डरला तो डळमळाट म्हणजेच मॅक्रोव्हिजन वाटला. म्हातारपणाची थरथर त्याला चोरी वाटली, आणि दाद मागायला समोर माणूस नव्हताच.

शेवटी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून टाइम बेस करेक्टर आणला. हा डबा डळमळीत सिग्नल पुसून नवा, नीट सिग्नल घालतो. गंमत म्हणजे, खरं कुलूपही बऱ्याचदा त्यानंच निघतं.

आज ओटीटीवर स्क्रीनशॉट घेतला की काळा चौकोन मिळतो, तो याच घराण्यातला. तुमच्या कपाटात कॅसेट असेल तर ती आताच काढा. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र बाजारात आलेलं नाही. आमच्या कॅसेटच्या शेवटी पणजी आहे, नऊवारीत, कॅमेऱ्याकडे बघून लाजणारी. तिचं हलतं चित्र जगात तेवढंच आहे.