लांकडी गिटार आणि विजेची गिटार



मी पेशानें शाळामास्तर. बीड जिल्ह्यांतील शाळांत आयुष्यभर इतिहास शिकविला आणि आतां अंबाजोगाईस निवृत्तीचे दिवस काढीत आहें. गिटार वाजविणें मला येत नाहीं, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. आमच्या भागांत तंतुवाद्य म्हणजे मुख्यतः सप्ताहांतील वीणा. अखंड हरिनामाचा सप्ताह बसला कीं सातही दिवस ती वीणा खालीं टेकत नाहीं. एकाच्या गळ्यांतून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यांत पडते. तेव्हां गिटारीवर बोलण्याचा याचा अधिकार काय, असें कोणी विचारील, तर माझें उत्तर एवढेंच कीं, या बाबतींत माझ्या हातून घरांत एक चूक झाली; ती कां झाली याचा शोध मीं इतिहासांत घेतला; आणि तो शोध दुसऱ्या एखाद्या आजोबांच्या उपयोगीं पडेल असें मला वाटतें.

हकीकत अशी. माझा नातू चौदा वर्षांचा आहे. त्याला विजेची गिटार हवी होती. मीं लातूरहून लांकडी आणली. त्यास म्हणालों, "आधीं हिच्यावर हात बसव, मग विजेची पाहूं." माझा हिशेब सरळ होता. कठीण तें आधीं शिकलें म्हणजे सोपें आपोआप येतें. आधीं पाढे, मग गणकयंत्र. लांकडी गिटार हें मूळ, आणि विजेची ही तिची पुढली, सोयीची आवृत्ति, अशी माझी समजूत होती. मुलानें चार महिने खटपट केली. बोटांना घट्टे पडले, परंतु मनासारखें कांहीं वाजेना. एके दिवशीं तो म्हणाला, "आबा, मला जो आवाज पाहिजे, तो हिच्यांत नाहींच." आणि गिटार कपाटावर चढली. चिकाटी नाहीं, असा शेरा मीं मारून टाकला. पुढें या दोन वाद्यांचा इतिहास वाचला, तेव्हां समजलें कीं मुलगा खरें बोलत होता; समजूत चुकली होती ती मास्तरची.

लांकडी गिटारीचें आजचें रूप मुख्यतः स्पेन देशांतील आंतोनियो दे तोरेस या कारागिराच्या हातून घडलें. हा १८१७ सालीं जन्मला व १८९२ सालीं वारला. गिटारीचा आवाज तिच्या पाठींतून अगर कडांतून येत नसून पुढच्या पातळ फळींतून, ज्या भागास आपले सतार करणारे तबली म्हणतात त्यांतून येतो, असें त्याचें मत होतें. तें सिद्ध करण्यासाठीं १८६२ सालीं त्यानें एक गिटार अशी केली कीं, तिची तबली उत्तम लांकडाची, पण पाठ व कडा कागदाच्या लगद्याच्या! ती आजही बार्सिलोना येथील संग्रहालयांत आहे. तात्पर्य, लांकडी गिटार म्हणजे तारेची हालचाल तबलीस देणारें आणि तबलीकडून हवेस देणारें यंत्र होय.

परंतु या यंत्रास एक मर्यादा आहे. तें एका खोलीस पुरतें. मोठ्या सभागृहास, त्यांतही वाद्यवृंदासमोर, पुरत नाहीं. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं नाचाच्या बैठका वाढल्या, तुताऱ्या आणि ढोल वाढले, आणि बिचारी गिटार त्यांत ऐकूंच येईना. मग कारागिरांनीं तिचें पोट वाढविलें. मार्टिन या जुन्या पेढीनें १९१६ सालीं एक मोठी गिटार केली. तिला पुढें 'ड्रेडनॉट' हें एका प्रचंड इंग्रज युद्धनौकेचें नांव मिळालें. तारा आंतड्याच्या होत्या त्या जाऊन पोलादाच्या आल्या. तरीही ढोलापुढें तिचें चालेना.

येथें हवाई बेटांतील लोक आले. ते गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूचा तुकडा सरकवीत आणि स्वरास स्वर जोडीत. त्यांच्या या वाजविण्याची अमेरिकेंत मोठी हौस निर्माण झाली होती. जॉर्ज बोशां हा असाच वादक. आपला आवाज मागच्या रांगेपर्यंत पोंचत नाहीं, ही त्याची तक्रार. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें होतें कीं, लोहचुंबकाचें क्षेत्र बदललें तर जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. बरोबर शंभर वर्षांनीं, १९३१ सालीं, बोशां व त्याचे सहकारी यांनीं तेंच तत्त्व गिटारीस लावलें. पोलादी तारांखालीं चुंबक ठेवला, त्यासोबत बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलें. तार हलली कीं वेटोळ्यांत प्रवाह उठतो, तो यंत्रानें वाढवावयाचा आणि कर्ण्यांतून ऐकवावयाचा. १९३२ सालीं हें वाद्य विक्रीस आलें. तें ॲल्युमिनियमचें होतें, आणि त्याच्या आकारावरून लोक त्यास तळणीचा तवा म्हणत.

आतां माझ्या चुकीचें मूळ कोठें आहे तें पहा. इथवर वीज ही केवळ मोठा आवाज करणारी दासी होती. १९३६ सालीं गिब्सन पेढीनें पोकळ लांकडी गिटारीसच हें वेटोळें बसविलें. ती गिटार घेऊन चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ सालीं बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदांत आला, आणि मागें बसून ठेका धरणारी गिटार तुतारीच्या बरोबरीनें एकल बोलूं लागली. १९४२ सालीं तो ऐन पंचविशींत वारला. पण वाट पडून गेली होती.

मात्र पोकळ गिटारीस एक खोड होती. आवाज वाढविला कीं ती ओरडे. सप्ताहाच्या मांडवांत ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यापुढें मायक्रोफोन गेला म्हणजे तो कशी कानठळ्या बसविणारी शीळ घालतो, हें आपणांस सांगावयास नको. कर्ण्याचा आवाज पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरतो, पुन्हां वाढतो, आणि हें चक्र थांबत नाहीं. पोकळ गिटारीची तबली त्या मायक्रोफोनचेंच काम करी. उपाय एकच होता: पोकळी काढून टाकावी. १९५० सालीं लिओ फेंडर यानें भरीव लांकडाची गिटार बाजारांत आणली. १९५२ सालीं गिब्सननें आपली आणली. पोकळी गेली, आणि त्याच वेळीं एक नवें वाद्य जन्मास आलें. हें त्या वेळीं कितीजणांच्या ध्यानांत आलें असेल, याची मला शंका आहे.

नवें वाद्य असें कां म्हणतों? तारेस छेडतांना जी शक्ति आपण देतों, ती जणुं तिची मिळकत. लांकडी गिटारींत ती मिळकत तबली भराभर खर्चून टाकते; म्हणून स्वर भरदार उठतो आणि लवकर विरतो. भरीव गिटारींत खर्च करणारी तबलीच नाहीं. तार आपली मिळकत राखून ठेवते, म्हणून स्वर उशिरांपर्यंत टिकतो. गवई ज्यास आंस म्हणतात, ती येथें लांब असते. आंस लांब, म्हणून तार ओढून मींड घेण्यास सवड. त्यांतून तिच्या तारा बारीक. पहिली तार इंचाच्या नऊ अगर दहा सहस्रांशांएवढी जाड, तर लांकडीची बहुधा बारा. लांकडीची तिसरी तार वर तारेचें वेष्टन घातलेली असते, विजेच्या गिटारीची बहुधा साधी. म्हणून एकीवर ती ओढतां ओढत नाहीं आणि दुसरीवर बोटाबरोबर येते. माझा नातू ओढलेल्या स्वरांचें वादन ऐकून वेडा झाला होता, आणि मीं त्याच्या हातीं असें वाद्य दिलें होतें कीं, जें तो स्वर ओढूं देत नाहीं आणि ओढला तर टिकूं देत नाहीं.

आपल्याकडील उदाहरणें पहा. लखनौस जन्मलेले व्हॅन शिपले यांनीं मुंबईंत राहून विजेच्या हवाई गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजविल्या. १९५० नंतरच्या काळांत त्या तबकड्या घरोघर वाजत. गिटारीनें प्रत्यक्ष गाण्याचे बोल म्हणावेत, तशी ती वाजे. आणि तें साधलें तें लांबलेल्या आंसेमुळें. कर्नाटक संगीतांतील यू. श्रीनिवास यांनीं मँडोलीन हें वाद्य घेतलें, तें विजेचें. कारण साध्या मँडोलीनचा स्वर टिचकीसारखा तुटतो, आणि गमकास तुटका स्वर चालत नाहीं. उलट ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारीवर राग उभा केला. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनीं केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी पुष्कळ घरांत असेल. आणि दोन्ही वाद्यें एकाच हातास कशीं शोभतात, हें भूपिंदर सिंग यांनीं दाखविलें. १९७१ सालच्या 'हरे राम हरे कृष्ण' मधील विजेची गिटार त्यांची, आणि १९७३ सालच्या 'यादों की बारात' मधील गिटारही त्यांचीच.

मग लांकडी गिटार विजेच्या गिटारीचा शोक असणाऱ्यास मानवतच नाहीं काय? असेंही नव्हे. एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाची गोष्ट येथें बोधप्रद आहे. तेराव्या वाढदिवशीं त्यास लांकडी गिटार मिळाली. तिच्या पोलादी तारा बोटांना इतक्या जड गेल्या कीं, त्यानें ती बाजूस ठेवली आणि सुमारें दोन वर्षें तीकडे फारसें पाहिलें नाहीं. पुढें विजेच्या गिटारीवर त्यानें जगभर कीर्ति मिळविली. आणि १९९२ च्या जानेवारींत तोच मनुष्य एका लहानशा श्रोतृवृंदासमोर खुर्चीवर बसून लांकडी गिटार वाजवूं लागला. आपलें १९७० सालचें एक गाजलेलें गाणें त्यानें त्या वेळीं मुळाहून संथ लयींत घेतलें. विजेच्या गिटारीवर जें केलें तेंच लांकडावर करण्याचा हट्ट त्यानें धरला नाहीं. लांकडास जें साजतें तें केलें. त्या तबकडीस ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं.

माझी समजूत कां चुकली, हें मला अखेर मिरजेच्या तंबोऱ्यावरून उलगडलें. एकोणिसाव्या शतकांत मिरजेंतील शिकलगार घराण्यांनीं हत्यारें सोडून सतारी व तंबोरे करण्यास प्रारंभ केला. २०२४ सालीं त्या वाद्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. भोपळा, तबली, घोडी आणि घोडीवर तारेखालीं सरकवावयाचा तो दोरा, यांतून जवारी निघते. १९७९ सालीं बंगळूरास जी. राज नारायण यांनीं विजेचा तंबोरा केला, आणि आज तो गवयांच्या घरोघर आहे. पण तो मिरजेच्या तंबोऱ्याची हुबेहूब नक्कल करूं पाहतो. त्याचें यश त्या नक्कलेवर मोजलें जातें. म्हणून तेथें मूळ आणि प्रतिकृति हा भेद खरा आहे. मीं तोच भेद गिटारीस लावला. वस्तुतः विजेची गिटार लांकडीची नक्कल करीतच नाहीं. दोघींचे पडदे सारखे, खुंट्या सारख्या, बोटांच्या जागा सारख्या. पण एक खोलींतली, दुसरी मैदानांतली. एकीचा स्वर उठून विरणारा, दुसरीचा लांबत जाणारा. बहिणी आहेत, आई आणि मुलगी नव्हेत.

एवढें समजल्यावर मीं नातवास वापरलेली विजेची गिटार आणि लहानसा अँप्लिफायर घेऊन दिला. निवृत्तिवेतनांतून तो खर्च झाला, त्याचें वाईट वाटलें नाहीं. फुकट गेलेल्या चार महिन्यांचें वाटलें. त्याच बरोबर एका जाणत्याकडून लांकडी गिटारीची घोडी थोडी उतरविली आणि तिला हलक्या तारा लावल्या. आतां त्याची तक्रार निम्मी झाली आहे. वीज गेली म्हणजे तो तीच घेऊन ओसरीवर बसतो. पण तिच्यावर तो ओढलेले स्वर वाजवीत नाहीं, सुट्या स्वरांचीं गाणीं वाजवितो. हें मीं त्यास शिकविलें नाहीं, वाद्यानें शिकविलें.

तेव्हां ज्या घरांत असा मुलगा असेल, त्यांनीं त्यास आधीं विचारावें, "तुझ्या कानांत कोणता आवाज आहे?" उत्तर ओढलेल्या, लांबलेल्या स्वराचें असेल, तर विजेची गिटार द्यावी, लांकडी ही शिक्षा म्हणून देऊं नये. आणि ज्याच्याजवळ विजेची आहे, त्यानें लांकडी अवश्य घ्यावी, परंतु तारा हलक्या लावून, घोडी तपासून, आणि तिच्याकडून तिचेंच काम घ्यावयाचें असें ठरवून. ती हातास मोजून वाजविणें शिकविते. कारण तेथें आवाज कमीजास्त करण्याची कळ यंत्रावर नसून बोटांत असते.

वर्गांत मीं कैक मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर "चिकाटी नाहीं" असें लिहिलें. त्यांतील किती मुलांच्या हातीं मीं चुकीचें वाद्य दिलें होतें, हा विचार हल्लीं मनांत येतो. तो आपणांपुढें ठेवून मी रजा घेतों.