शिकवणाऱ्या यंत्रातील चर्चा : प्लेटो ते मूडल

संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना येथे, 1960 साली डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि त्या यंत्रणेला ‘प्लेटो’ हे नाव मिळाले. तिची मूळ कल्पना विद्यार्थी आणि यंत्र या दोघांपुरतीच होती : पडद्यावर पाठाचा एक भाग येई, त्यावर प्रश्न विचारला जाई आणि उत्तर बरोबर आले की विद्यार्थी आपल्या गतीने पुढे सरके. त्याच पाठापाशी अडलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याशी बोलण्याची सोय या आराखड्यात नव्हती. आज ऑनलाइन अभ्यासक्रमात गृहीतच धरला जाणारा चर्चाफलक अशा यंत्रणेत कसा आला, याचे उत्तर शिक्षणशास्त्रात शोधण्यापेक्षा त्या प्रयोगशाळेच्या रोजच्या अडचणींत शोधणे अधिक योग्य ठरते.

1972च्या सुमारास वापरात आलेल्या चौथ्या पिढीच्या प्लेटोमध्ये एकाच मोठ्या संगणकाला अनेक ठिकाणची टर्मिनले, म्हणजे कळफलक आणि पडदा असलेली उपकरणे, तारांनी जोडलेली होती. पाठ लिहिणारे आणि यंत्रणा सांभाळणारे एकमेकांपासून दूर बसू लागल्यामुळे बिघाड कळवण्यासाठी आणि सूचना देण्यासाठी एक सामाईक फाइल उघडी ठेवण्यात आली होती. तिच्यात कोणीही लिहावे, कोणीही खोडावे, अशी स्थिती होती. एका वेळी एकालाच लिहिता येई, मजकुराखालचे नाव खरे असेलच याची खात्री नसे आणि कधी कधी तर कोणीतरी सगळी फाइलच पुसून टाकी. 1973च्या उन्हाळ्यात पॉल टेन्झर यांनी, ज्यांनी पाठ लिहिण्यासाठीची ‘ट्यूटर’ ही संगणकभाषा घडवली होती, डेव्हिड वूली या 17 वर्षांच्या प्रोग्रामरला या फाइलची जागा घेणारा प्रोग्राम लिहायला सांगितले. अपेक्षा मर्यादित होती : तक्रारीवर लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख यंत्रानेच नोंदवावी, ती सुरक्षित राहावी आणि पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात तक्रार, तर खालच्या अर्ध्या भागात उत्तर दिसावे.

वूली यांनी येथे जो बदल केला, तो चर्चाफलकाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानावा लागेल. उत्तरातून नवा प्रश्न निघाला तर तो कोठे लिहायचा, हा विचार करून त्यांनी एका नोंदीला 63पर्यंत प्रतिसाद जोडता येतील आणि प्रत्येक प्रतिसादाला स्वतंत्र पडदा मिळेल अशी रचना केली. तक्रारवहीचे रूपांतर संवादात झाले ते या एका तरतुदीमुळे. तिच्याशिवाय तो प्रोग्राम प्रयोगशाळेच्या अंतर्गत व्यवहारापलीकडे गेला असता असे वाटत नाही. ऑगस्ट 1973मध्ये सुरू झालेल्या या ‘नोट्स’चे तीन विभाग होते : यंत्रणेच्या घोषणा, नवख्यांसाठी मदत आणि सर्वांसाठी खुली चर्चा.

खुल्या विभागात विषयांची गर्दी होऊ लागली, तेव्हा जानेवारी 1976मध्ये ‘ग्रुप नोट्स’ आले. आता कोणालाही स्वतंत्र चर्चागट काढता येऊ लागला आणि गटाच्या संचालकाला कोणी केवळ वाचावे, कोणी लिहावे आणि कोणाला प्रवेशच नसावा हे ठरवता येऊ लागले. संचालकाने मुभा दिल्यास नाव न देताही लिहिता येई. ज्या यंत्रणेने आधी नावाची सक्ती केली, तिनेच सुमारे अडीच वर्षांनी निनावी लेखनाला वाट करून दिली, यात विसंगती नाही. खोट्या नावापासून संरक्षण मिळाल्यावरच नाव झाकण्याची मोकळीक अर्थपूर्ण होते.

इलिनॉयमध्ये प्लेटो वापरलेल्या रे ऑझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पुढे कार्यालयीन जगात नेली आणि 1989 साली ‘लोटस नोट्स’ बाजारात आले. शिक्षणक्षेत्रात तिला वैचारिक आधार मिळाला तो मात्र ऑस्ट्रेलियात. पर्थ येथील मार्टिन डुगियामास यांनी 2002 साली ‘मूडल’ या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा माणसे एकमेकांसाठी काही घडवताना अधिक चांगले शिकतात, हा सामाजिक रचनावादाचा विचार त्यांनी पायाभूत मानला. मूडलमध्ये लिहिलेला मजकूर साधारणपणे पहिली 30 मिनिटेच बदलता येतो, न वाचलेल्या नोंदी वेगळ्या दाखवता येतात आणि गटागटांच्या चर्चा परस्परांपासून अलग ठेवता येतात. या तिन्ही सोयींमागील गरजा अर्बाना येथे 1970च्या दशकातच जाणवलेल्या होत्या.

वर्गाच्या गरजेतून जन्मलेली सोय म्हणून मूडलच्या ‘प्रश्नोत्तर’ प्रकारच्या चर्चेचा उल्लेख करावा लागतो. तीत शिक्षक प्रश्न मांडतो आणि विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. इतकेच नव्हे, तर स्वतःचे उत्तर बदलण्याची मुदत संपेपर्यंत त्याला थांबावे लागते, ज्यामुळे दुसऱ्याचे वाचून आपले लेखन मागाहून सुधारण्याची वाट बंद होते आणि चर्चा सुरू होताना प्रत्येकाचे स्वतःचे मत फलकावर असते.