दुःखाचे कारण कोण सांगतो? मूळ पापाचा सिद्धांत आणि बाबासाहेबांचा आक्षेप

मागच्या वर्षी आमच्या भागातला एक पंचविशीतला मुलगा सेप्टिक टँक साफ करायला उतरला आणि परत वर आला नाही. शोकसभा झाली. त्याच्या मामाकडची माणसे ख्रिस्ती, वडिलांकडची बौद्ध. मामाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी उठून सांगितले, आपण सगळे पापी आहोत, प्रभूची इच्छा मान्य करायला हवी. त्यांच्यानंतर आमच्याच विहारातले एक आजोबा बोलायला उभे राहिले. पंचशीलाने सुरुवात केली आणि शेवटी म्हणाले, पोराचे संचित तेवढेच होते. मागच्या रांगेत ठेकेदार बसला होता. दोन्ही भाषणे त्याने मान खाली घालून ऐकली. त्याला कोणीच काही विचारले नाही.

त्यानंतरच्या अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्याने मला विचारले, "ताई, ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही, कर्मविपाक नाही. मग तिथे गरिबाच्या दुःखाचे कारण काय सांगतात?" प्रश्न चांगला होता. आपली पोरे या प्रश्नावर दोन टोकांना जातात. काहींना वाटते, मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढले म्हणजे त्यांचे तत्त्वज्ञानही समतेचेच असणार. काहींना वाटते, सगळे धर्म सारखेच भोंदू, वाचायची गरज काय? मला दोन्ही आळस वाटतात. म्हणून हा लेख.

सुरुवात बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून. आदाम आणि हव्वा, बाग, साप आणि बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचे झाड. मनाई मोडून फळ खाल्ले म्हणून दोघांना बागेबाहेर काढले गेले. बाईच्या वाट्याला बाळंतपणाच्या वेदना आणि नवऱ्याची सत्ता आली, पुरुषाच्या वाट्याला घाम गाळून शेती. गोष्ट एवढीच आहे. 'त्या दोघांचा अपराध पुढच्या प्रत्येक अर्भकाच्या अंगावर जन्मतःच असतो' असे त्या गोष्टीत कुठेही लिहिलेले नाही. ज्यू परंपरेने तीच गोष्ट शतकानुशतके वाचली आणि त्यातून जन्मजात अपराधाचा असा सिद्धांत काढला नाही.

उलट त्याच बायबलात ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोब सज्जन माणूस. त्याची मुले मरतात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. मित्र येऊन त्याला समजावतात की तू काहीतरी पाप केले असणार, त्याशिवाय असे होत नाही. ईयोब ते मान्य करत नाही. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. तिथेही येशू म्हणतो की मेलेले लोक इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. शिष्यांचा प्रश्न आणि आमच्या आजोबांचे 'संचित' यांत मला फारसा फरक दिसत नाही. पण येशूने तो प्रश्नच बाजूला सारला, हे नोंदवले पाहिजे.

मग मूळ पापाचा सिद्धांत आला कुठून? त्याला घट्ट आकार दिला तो ऑगस्टिनने. जन्म 354, उत्तर आफ्रिकेतले थागास्ते, आजच्या अल्जीरियात. तरुणपणी तो सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होता. त्या पंथाचे म्हणणे असे की जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन स्वतंत्र शक्ती आहेत आणि वाईट हे अंधारातून येते. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याने हे सोडले. देव एकच आणि तो चांगला, तर मग वाईट कुठून आले? त्याचे उत्तर होते की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे. माणसाने आपल्या इच्छेने देवाकडे पाठ फिरवली, तिथून ती उणीव सुरू झाली. इथपर्यंत विचार म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

पुढची पायरी वेगळी आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात आदामाद्वारे पाप आणि मरण जगात आले असे एक वाक्य आहे. मूळ ग्रीकमध्ये त्याच्या शेवटाचा अर्थ साधारण 'कारण सगळ्यांनी पाप केले' असा लागतो. लॅटिन भाषांतरात तो 'ज्याच्यामध्ये सगळ्यांनी पाप केले' असा वाचता येत होता. ऑगस्टिनची ग्रीक कच्ची होती. त्याने लॅटिन वाचन धरले: आदामाच्या आत आपण सगळेच होतो, म्हणून सगळेच अपराधी. सिद्धांत फक्त या एका शब्दावर उभा आहे असे मी म्हणणार नाही, पण पश्चिमेकडच्या चर्चचा मोठा भार त्यावर पडला. पूर्वेकडच्या ग्रीक चर्चने मरण आणि दुर्बलता वारशाने येते असे मानले, अपराध वारशाने येतो असे मानले नाही. दुसऱ्या शतकातला लियोंचा बिशप इरेनियस तर आदाम-हव्वेला अजून वाढायचे असलेल्या लेकरांसारखे पाहतो.

ऑगस्टिनला विरोध केला पेलॅजियसने. तो मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये शिकवणारा. 410 मध्ये गॉथांनी रोम लुटले त्या धामधुमीत तो आफ्रिकेला आणि तिथून पॅलेस्टाइनला गेला. त्याचे म्हणणे होते की आदामाने वाईट उदाहरण घातले, पण त्याचा अपराध रक्तातून येत नाही. देव अशक्य ते करायला सांगणार नाही, म्हणजे माणसाला चांगले वागता येते. 415 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या धर्मसभेने त्याला निर्दोष ठरवले. मग आफ्रिकेतल्या बिशपांनी जोर लावला. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची मते धिक्कारली आणि त्याच वर्षी सम्राट होनोरियसने पेलॅजियसला व त्याच्या लोकांना रोममधून हाकलण्याचा हुकूम काढला. वाद तत्त्वज्ञानाचा होता, पण तो मिटला राजाज्ञेने. आपल्याला हे नवीन नाही.

या वादातला सर्वांत जळजळीत मुद्दा होता तान्ह्या मुलांचा. एक्लानमचा बिशप जूलियन याने ऑगस्टिनला धारेवर धरले. ज्याने अजून काहीही केलेले नाही त्या बाळाला शिक्षा देणारा देव न्यायी कसा? ऑगस्टिनने तोच मुद्दा उलटवला. बाळे आजारी पडतात, तडफडतात, मरतात हे आपण पाहतो. देव तर न्यायी आहे. अर्थात बाळे अपराधी असलीच पाहिजेत. बाप्तिस्म्याशिवाय मेलेले बाळही शिक्षेतून सुटत नाही, फार तर शिक्षा सर्वांत सौम्य असते, इथपर्यंत तो गेला.

मित्रांनो, हे तर्कशास्त्र नीट पाहा. व्यवस्था न्यायी आहे हे आधीच ठरलेले. माणूस दुःखात आहे हे डोळ्यांसमोर. म्हणून माणूस दोषी. कर्मविपाकाचे गणित याहून वेगळे कुठे आहे? तिथे दोष मागच्या जन्मातला, इथे मूळ पुरुषाचा. दोन्हीकडे पुरावा मागायची सोय नाही, कारण गुन्हा घडला तेव्हा आपण नव्हतो किंवा आपल्याला आठवत नाही.

पेलॅजियसला आपला नायक करायची घाई मात्र करू नये. त्याची शिकवण कडक साधनेची होती, ज्याला जमत नाही त्याला तिच्यात दिलासा नव्हता. पण त्याच वर्तुळातून निघालेला, लेखकाची खात्री नसलेला श्रीमंतीवरचा एक निबंध उपलब्ध आहे. त्याचा युक्तिवाद असा की थोड्यांकडे फार जास्त आहे म्हणून पुष्कळांकडे काही नाही, श्रीमंत नसता तर गरीबही सापडला नसता. पाचव्या शतकात कोणीतरी गरिबीचे कारण गरिबाच्या आत न शोधता बाहेर शोधत होते! समाजशास्त्राच्या वर्गात मला हे कोणी शिकवले नाही, पुढे वाचताना सापडले.

ऑगस्टिनकडे परत येऊ, कारण गोष्ट फक्त बाळांपाशी थांबत नाही. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात तो गुलामगिरीचा विचार करतो. देवाने माणसाला माणसावर राज्य करायला निर्माण केले नाही, हे तो स्पष्ट सांगतो. पण मग गुलामगिरी का आहे? पापामुळे. ती पापाची शिक्षा आहे, आणि गुलामांनी मालकाची सेवा मनापासून करावी. तिथेच तो नोहाच्या शापाचा दाखला देतो. नोहा दारू पिऊन उघडा पडलेला, त्याचा मुलगा हाम ते पाहतो आणि शुद्धीवर आल्यावर नोहा हामच्या मुलाला, कनानला, गुलामीचा शाप देतो. बापाने पाहिले, शिक्षा पोराला. शिवाय त्या गोष्टीत कोणाच्याही कातडीचा रंग सांगितलेला नाही.

तरीही पुढे हाच 'हामचा शाप' काळ्या माणसाच्या गळ्यात बांधला गेला. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजे पश्चिम आफ्रिकेतून माणसे पकडून आणू लागली तेव्हा राजदरबारचा बखरकार झुरारा याने या शापाचा आधार घेतला. अमेरिकेच्या दक्षिणेत पाद्र्यांनी तो व्यासपीठावरून सांगितला. 1845 मध्ये दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळी चूल मांडली; त्या संघटनेने माफी मागितली ती 1995 साली. 1861 मध्ये दक्षिणेच्या बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स आपल्या भाषणात काळ्यांच्या गुलामीचे समर्थन करताना कनानच्या शापाचा उल्लेख करतो. आपल्याकडे पुरुषसूक्तात पायातून शूद्र काढला, तिकडे नोहाच्या तंबूतून गुलाम काढला.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्या धर्मात दुसरा आवाज कायम होता. ऑगस्टिनच्याही थोडा आधी, चौथ्या शतकात, न्यिसाचा ग्रेगरी याने प्रवचनात गुलाम बाळगणाऱ्यांना सरळ विचारले होते की देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यात लावली? पण चर्चच्या इतिहासावर वजन पडले ते ऑगस्टिनचे.

युरोपात या उत्तराला मोठा तडा गेला तो 1755 मध्ये. 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. लिस्बन शहरातली चर्चे भक्तांनी भरलेली. भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. हजारो माणसे मेली. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने पत्रक काढून सांगितले की हा लोकांच्या पापांवरचा कोप आहे, घरे बांधत बसण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्या. व्हॉल्तेअरने 'आहे ते सगळे चांगल्यासाठीच' म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांची खिल्ली उडवली. रूसोने मात्र व्हॉल्तेअरला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजली घरे एवढ्या दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. हे वाक्य समाजशास्त्राचे आहे. तिकडे मंत्री पोंबाल याने सगळ्या धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती माणसे मेली, किती घरे पडली. मालाग्रिदाला 1761 मध्ये इन्क्विझिशनकरवी मृत्युदंड झाला. पोंबाल हुकूमशहाच होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पापांची यादी मागणे आणि पडलेल्या घरांची यादी मागणे यात युगाचे अंतर आहे.

आता बाबासाहेब. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिले ते लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती अस्पृश्य आपल्या अन्यायाविरुद्ध चळवळ का करत नाही, असा प्रश्न ते विचारतात. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक थेट या सिद्धांतावर बोट ठेवते. ख्रिस्ती शिकवण माणसाच्या अधोगतीचे कारण पापात सांगते, समाजशास्त्र ते प्रतिकूल परिस्थितीत शोधते. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले की हे तुझे कर्म. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की हे तुझ्या पूर्वजाचे पाप. दोन्हीकडे त्याचे लक्ष परिस्थिती बदलण्यावरून उडते. मिशनऱ्यांची सेवा बाबासाहेबांनी मान्य केली आहे. आक्षेप निदानावर होता.

त्यानंतर ख्रिस्ती जगातही बरेच पाणी वाहून गेले. 1968 च्या मेडेलिन परिषदेनंतर लॅटिन अमेरिकेतल्या पाद्र्यांनी पाप हे माणसाच्या मनाइतकेच समाजाच्या रचनेत असते अशी मांडणी केली. अमेरिकेत जेम्स कोन यांनी 1969 पासून काळ्यांचे धर्मशास्त्र उभे केले. तेवढ्यावर न थांबता विल्यम जोन्स या काळ्या विचारवंताने 1973 मध्ये एक पुस्तकच लिहिले आणि विचारले की दुःख एकाच वंशाच्या वाट्याला एवढे येत असेल, तर देव गोरा वंशवादी आहे का? आपल्याकडे 1980 च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची हाक दिली. म्हणजे बाबासाहेबांचा आक्षेप आतूनही ऐकू येऊ लागला होता.

आणि आपण? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे की जन्म, जरा, मरण सगळेच दुःख असेल तर धम्म माणसाला आशा कुठली देणार? गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी बुद्धाच्या नावावर चालू दिला नाही. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' मध्ये तर दुःखाचा अर्थ शोषण असा घ्यायला वाव असल्याचे ते सुचवतात. हे सगळे आपल्या घराघरात आहे, पुठ्ठ्याच्या बांधणीत, फोटोशेजारी ठेवलेले. तरी शोकसभेत तोंडातून निघते ते 'संचित'.

त्या मुलाच्या घरी मी पुढे तीनदा गेले. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले होते, 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. 2013 च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हाच गुन्हा आहे. अर्ज भरताना मृत्यूचे कारण लिहायचे होते. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "लिही, साहेबानं मास्क दिला नव्हता." मामाकडचे ते वडीलधारे शेजारीच बसले होते. साक्षीदार म्हणून सही त्यांनी केली.