उत्तर प्रदेशाच्या विभाजनाचा ठराव : एका मतदानाचे अनेक अर्थ

वाराणसी : उत्तर प्रदेश विधानसभेने २१ नोव्हेंबर २०११ रोजी राज्याचे चार भाग करण्याचा ठराव संमत केला. पूर्वांचल, बुंदेलखंड, अवध प्रदेश आणि पश्चिम प्रदेश ही त्या प्रस्तावित राज्यांची नावे. ७५ जिल्ह्यांपैकी ३२ पूर्वांचलाकडे जाणार होते आणि वाराणसी त्यातच होती. ठराव आवाजी मतदानाने, गदारोळात, काही मिनिटांत मंजूर झाला. त्यामुळे किती आमदार बाजूने आणि किती विरुद्ध, याची कोठेही नोंद झाली नाही. त्या ठरावाच्या अर्थाविषयी पुढे जो वाद झाला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

तत्कालीन मुख्यमंत्री मायावती यांच्या मते, ज्या राज्याचे विभाजन व्हायचे त्याच्याच विधानसभेने संमती दिली होती आणि पुढची जबाबदारी केंद्राची होती. समाजवादी पक्षाचा विभाजनालाच विरोध होता. भारतीय जनता पक्षाने मुख्यतः कार्यपद्धतीवर बोट ठेवले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आलेला हा ठराव राजकीय डाव आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. केंद्रातील काँग्रेसप्रणीत सरकारने ठराव फेटाळला नाही, पण स्वीकारलाही नाही. नव्या राज्यांच्या सीमा कोणत्या, राजधान्या कोठे, कर्जाची वाटणी कशी, असे खुलासे मागवून त्याने तो परत पाठवला.

हे प्रश्न केवळ वेळकाढूपणाचे होते असे म्हणता येणार नाही. ठरावात राज्यांची नावे होती. मात्र वाराणसीच्या नागरिकाला आपली राजधानी वाराणसी असेल की गोरखपूर, हे त्यातून कळत नव्हते. लखनौ येथून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि सरकारी कामासाठी तेथवर करावा लागणारा प्रवास हा स्वतंत्र राज्याच्या बाजूने मांडला जाणारा नेहमीचा मुद्दा आहे.

२०१२ च्या निवडणुकीत ४०३ पैकी २२४ जागा जिंकून समाजवादी पक्ष सत्तेवर आला, तर बहुजन समाज पक्ष ८० जागांवर थांबला. विभाजनाच्या विरोधकांनी हा निकाल म्हणजेच जनतेचे उत्तर मानले. तसे मानणे सोपे नाही. वाराणसी जिल्ह्यातील आठ जागा त्या वेळी पाच पक्षांत विभागल्या गेल्या. अशा निकालातून पूर्वांचलाविषयीचा एकच कौल कसा काढायचा?

कायद्याच्या दृष्टीने विधानसभेच्या मताचे वजन मर्यादित आहे. भारतीय संघराज्यातून बाहेर पडण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही. परंतु एका राज्यातून दुसरे राज्य वेगळे काढण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेला आहे. त्यासाठीचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडले जाते आणि संबंधित विधानसभेकडे मत मागवण्यासाठी पाठवले जाते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले ते बाबूलाल पराते खटल्यात, आणि तो खटला मराठी वाचकांच्या जवळचा आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा मूळ प्रस्तावाऐवजी संसदेने १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधानसभेकडे पाठवायला हवा होता, हा अर्जदाराचा दावा न्यायालयाने १९५९ मध्ये अमान्य केला.

प्रत्यक्षात काय घडते ते दोन उदाहरणांवरून दिसते. उत्तराखंडाच्या बाजूने उत्तर प्रदेश विधानसभेने १९९१ मध्ये ठराव केला. राज्य झाले ९ नोव्हेंबर २००० रोजी. आंध्र प्रदेश विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयक फेटाळले, तेही आवाजी मतदानानेच. तरी त्याच फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले.

विभाजनाची कल्पना २०११ मध्ये जन्मलेली नाही. राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य के. एम. पणिक्कर यांनी १९५५ च्या अहवालाला भिन्न मतपत्रिका जोडून उत्तर प्रदेशाच्या अवाढव्य आकारावर आक्षेप घेतला होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भाषावार राज्यांवरील पुस्तकात या राज्याचे तीन भाग सुचवले आणि राजधान्या म्हणून मेरठ, कानपूर व अलाहाबाद यांची नावे दिली. म्हणजे पूर्वेकडील राज्याच्या राजधानीचा मान त्यांनीही वाराणसीला दिला नव्हता! गाझीपूरचे खासदार विश्वनाथ सिंह गहमरी यांनी १९६२ मध्ये लोकसभेत या भागातील दारिद्र्याचे वर्णन केले. शेणातून धान्याचे दाणे वेचून खाणाऱ्या माणसांविषयीचे त्यांचे कथन आजही पूर्वांचलाच्या चर्चेत आठवले जाते. त्यानंतर नेमलेल्या पटेल आयोगाने १९६४ मध्ये अहवाल दिला.

थेट जनतेलाच विचारले तर अर्थाचा वाद मिटतो, असेही नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि विरुद्ध पक्षाला १,७२,१९१ मते मिळाली. मात्र मार्चमधील निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन दयानंद बांदोडकर यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. गोमंतकीयांनी मराठी नाकारली, की केवळ आपली विधानसभा राखली, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे. निवडणूक आणि कौल यांतील ही तफावत पाहता दुसरा अर्थ अधिक पटतो. विशेष म्हणजे, ३० मे १९८७ रोजी गोव्याला मिळालेला घटकराज्याचा दर्जा मतपत्रिकेवर पर्याय म्हणून नव्हताच.

ब्रिटनचा अनुभवही वेगळा नाही. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. सामाईक बाजारपेठही सोडायची का, हे मतपत्रिकेवर नव्हते. त्या वादात साडेतीन वर्षे गेली आणि देश संघाबाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० रोजी.

पूर्वांचलासाठी असा कौल घ्यायचा झाल्यास पहिला प्रश्न मतदार कोण, हा असेल : प्रस्तावित ३२ जिल्हे की संपूर्ण उत्तर प्रदेश? गोव्याच्या वेळी महाराष्ट्रातील मतदारांना विचारले गेले नव्हते. शिवाय राज्य पुनर्रचनेसाठी जनमत घेण्याची तरतूद अनुच्छेद ३ मध्ये नाही; गोव्यातील कौलासाठी संसदेला १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता.