सिमला ऑफिसचे फुगे आणि आकाशातले इंटरनेट

कोथरूडहून शिवाजीनगरकडे जाताना ‘सिमला ऑफिस’ लागते. पुण्यात सिमला कोठून आले? १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास हलले. इमारत नवी, नाव मात्र जुन्या गावाचे राहिले. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचे शेतीवाडीचे खेडे होते.

या कचेरीचे एक महत्त्वाचे काम म्हणजे फुगे सोडून वारा वाचणे. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा ठरावीक वेगाने वर चढे. थिओडोलाइट या दुर्बिणीच्या यंत्राने दर मिनिटाला त्याचे कोन टिपले, की कोणत्या उंचीवर वारा कोणत्या दिशेने वाहतो ते कागदावर उमटे. रात्री फुग्याखाली मेणबत्तीचा कंदील बांधीत. अडचण पावसाळ्याची होती. ज्या ऋतूचा वारा जाणून घ्यायचा, त्याच ऋतूत फुगा ढगात शिरला की दिसेनासा होई.

उपाय निघाला तो फुग्याखाली रेडिओ टांगण्याचा. १९४०च्या दशकात एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात अशी रेडिओसाँड यंत्रे बनू लागली. १९४८ पासून अ‍ॅना मणी त्याच उपकरण विभागात होत्या. आकाशातल्या फुग्याने जमिनीशी बिनतारी बोलावे, ही कल्पना पुण्याला तेव्हापासून परिचित आहे!

या निरीक्षणांतून उलगडलेले चित्र विलक्षण होते. पावसाळ्यात जमिनीलगतचा वारा अरबी समुद्रावरून पूर्वेकडे धावतो. पण सुमारे १५ किलोमीटर उंचीवर तितक्याच निश्चयाने पूर्वेकडून पश्चिमेकडे झोत वाहत असतो. हवामान खात्याच्याच पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली या पूर्व झोतवाऱ्याचे वर्णन जगापुढे मांडले. एकाच गावावर दोन उंचींना दोन विरुद्ध दिशा!

जून २०१३ मध्ये गूगलने न्यूझीलंडमधून ३० फुगे सोडले, ते याच तत्त्वावर. ‘लून’ प्रकल्पाचे हे पॉलिथिनचे फुगे सुमारे २० किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानांच्याही वर तरंगत. त्यांना इंजिन नव्हते. आतल्या कप्प्यात हवा भरली की फुगा जड होऊन खाली येई, सोडली की वर जाई. हव्या दिशेचा वारा ज्या थरात, तेथे थांबायचे, एवढेच सुकाणू. वीज सौर पट्ट्यांची. एक फुगा तर ३१२ दिवस टिकला.

भारतातही या प्रकल्पाची चर्चा झाली. मात्र लूनने सुचविलेल्या लहरी येथे मोबाइल सेवेसाठी आधीच वापरात आहेत आणि दोहोंत व्यत्यय येईल, असे २०१६ मध्ये केंद्र सरकारने सांगितले. अडले ते वाऱ्यापाशी नव्हे, स्पेक्ट्रमपाशी. (आकाश मोकळे असते, हा जमिनीवरच्यांचा समज.)

२०१७ साली मारिया वादळाने पोर्तो रिकोतील मनोरे पाडले, तेव्हा याच फुग्यांनी तेथे संपर्क पुरविला. जुलै २०२० मध्ये केनियात व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने प्रकल्पच गुंडाळला. खर्च पुरेसा खाली येईना. जेथे ग्राहक पुष्कळ, तेथे मनोरे पोचले होते. जेथे मनोरे नव्हते, तेथे माणसे विरळ आणि खिसे रिकामे.

त्याच टाळेबंदीच्या वर्षी सातपुड्यातल्या पाड्यांवरची मुले ऑनलाइन शाळेसाठी, नेटवर्क मिळेल अशी टेकडी शोधत चढत होती.